वाहतूक बेटावरची बाई

हाझेलरीड, १४ मार्च १९९६

प्रिय झेंटाताई,

आधी खुर्चीत बस, मग पुढे वाच. मी निवडून आलोय.

प्यायलेलो नाही. रविवारी नगरपालिकेची निवडणूक झाली आणि तुझा धाकटा भाऊ कोर्बिनियन स्ट्रोमायर, वय साठ, धंदा लोखंडाची शिल्पं, हा नगरसेवक झाला. यात माझा काही दोष नाही. गेल्या उन्हाळ्यात लोरेन्झ बेकरीवाला कार्यशाळेत आला. म्हणाला, "बिनी, अपक्ष नागरिकांच्या यादीला सोळा नावं लागतात. पंधरा मिळाली. सोळावं तुझं टाकतो, सगळ्यात खाली. तिथून आजवर कुणी निवडून आलेलं नाही, अगदी चुकूनही नाही." मी वेल्डिंग करत होतो, तोंडावर मुखवटा होता. धड ऐकूही आलं नाही. म्हटलं, टाक.

इथली पद्धत तू विसरली असशील. एका उमेदवाराला तीन-तीन मतं देता येतात, मग तो यादीत कुठेही असो. ज्यांच्या ज्यांच्या फाटकाच्या बिजागऱ्या मी बसवल्या, त्या सगळ्यांनी मला तीन-तीन मतं दिली. ज्यांचं नगराध्यक्ष डोब्लरशी वाकडं आहे त्यांनीही दिली, त्याला डिवचायला म्हणून. सोमवारी सकाळी पाव आणायला गेलो तर रांगेतल्या बायका बाजूला सरकल्या. "या या, नगरसेवकसाहेब, आधी तुम्ही!" मला वाटलं माझ्यामागे कुणीतरी उभं आहे. वळून पाहिलं तर कुत्रा.

लोरेन्झ स्वतः पडला. यादीत पहिला होता, पहिलाच पडला. आता माझ्याशी बोलत नाही. पाव देतो, पण कालचे.

डोब्लर हात मिळवायला आला. "स्ट्रोमायर, तुम्ही भंगारवाली माणसं काटकसरी असता. आपलं जमेल." ताई, तीस वर्षं मी शिल्पं करतोय. दोन म्युनिकला उभी आहेत, एक साल्झबुर्गला, एक तर पार डेन्मार्कात. आपल्या गावात मात्र मी अजून भंगारवालाच.

राजीनामा देता येतो, पण सबळ कारण लागतं. लोरेन्झला विचारलं. अबोला धरलेला, तरी एवढं बोलला, "मूर्खपणा हे कारण चालत नाही. चाललं असतं तर सभागृह ओस पडलं असतं."

काय करू ते लगेच कळव.

तुझा,
बिनी

*

कील, २१ मार्च १९९६

प्रिय बिनी,

तुझ्या पत्रात शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत. लाल शाईने दुरुस्त करून सोबत परत पाठवते आहे. मास्तरीण म्हणून मी शाळा सोडली, शाळेने मला सोडलेलं नाही. आता तू कागदांवर सह्या करणार, तेव्हा निदान 'नगरपालिका' तरी नीट लिहायला शीक.

राजीनामा अजिबात द्यायचा नाही. ज्यांनी मतं दिली त्यांनी बिजागऱ्यांसाठी दिली असतील, पण तुझ्या बिजागऱ्या कुरकुरत नाहीत म्हणूनच दिली ना? मग तूही कुरकुरू नकोस. एक बरंसं जॅकेट घे. ठिणग्यांनी भोकं पडलेलं ते कातडं घालून सभेत गेलास तर मी तिथे येऊन तुझा कान धरेन. सभेत झोप येणार. आली की हनुवटीखाली मूठ धर, लोकांना वाटतं विचार चाललाय. आमच्या मुख्याध्यापकांची तीस वर्षं अशीच गेली.

आणि तुला तिथे बसून काय हवंय, ते मला एका ओळीत लिहून पाठव. एका ओळीत सांगता आलं नाही, तर ते तुला नकोच आहे असं समज.

मी ठीक आहे. घर आवरायला काढलंय. माझा कॅप्टन नवरा जाऊन चार वर्षं झाली, आता त्याचे समुद्राचे नकाशे मी कशाला सांभाळू? बंदरावरच्या शाळेला देऊन टाकले.

तुझी झेंटा

ता. क. आज बाजारात तीन अनोळखी माणसांना सांगितलं की माझा भाऊ नगरसेवक आहे. हे तू वाचलेलं नाहीस.

*

हाझेलरीड, ३० सप्टेंबर १९९६

प्रिय ताई,

सहा महिने लिहिलं नाही, रागावली असशील. पण तुझी एक ओळ शोधत होतो. ती सापडली.

आपला तलाव बंद होता कामा नये.

आई आपल्या दोघांच्या कंबरेला दोरी बांधून पाण्यात सोडायची, तोच तलाव. तळाला भेगा पडल्यात, नळ कुजलेत. डोब्लरला तो बुजवून तिथे पार्किंग करायचंय. म्हणतो, "पोहायचं तर लोकांनी गाडीने जिल्ह्याच्या गावी जावं." मी उठून विचारलं, "आणि आठ वर्षांच्या पोरांनी गाडी कुणाची चालवायची?" सभागृह हसलं. डोब्लर हसला नाही. त्या दिवसापासून लोरेन्झ मला ताजे पाव देतो.

गणित असं आहे: नगराध्यक्ष धरून आम्ही सतरा जण. उन्हाळाभर मी एकेकाच्या घरी जाऊन बसलो, कुठे बीअर प्यायलो, कुठे गाईला औषध पाजायला मदत केली. नऊ जण तलावाच्या बाजूने, आठ विरुद्ध. नववा मी. मत डिसेंबरात.

दुसरी बातमी ऐक आणि हस. टपालकचेरीपाशी नवं वाहतूक बेट झालंय. गाड्या त्याला गोल वळसा घालून जातात. म्हाताऱ्या श्मिडने पहिल्या दिवशी सात फेऱ्या मारल्या, बाहेर पडायची वाट कळेना म्हणून. मधे मोकळा गोल आहे, तिथे शिल्प बसवायचंय. स्पर्धा ठेवलीय, नावं बंद पाकिटात. डोब्लर मला म्हणाला, "नगरसेवकाला भाग घेता येत नाही. पण गावात दुसरा जाणकार नाही, तेव्हा तुम्ही परीक्षक व्हा." म्हणजे आपल्या गावात पहिल्यांदा शिल्प उभं राहणार, आणि ते कुणाचं असणार ते ठाऊक नाही, फक्त माझं नसणार एवढं नक्की.

मला त्याचं काही वाटत नाही. खरंच नाही. हे दोनदा लिहिलंय, त्यावरून तू काय ते समजशील.

आणि तुझ्या मागच्या पोस्टकार्डावर एकूण पाच ओळी होत्या! एवढी मोठी अक्षरं? माझ्या डोळ्यांची काळजी घेतेस की कागदाची गिरणी विकत घेतलीस?

तुझा,
बिनी

*

कील, ८ ऑक्टोबर १९९६

प्रिय बिनी,

पेन जाड टोकाचं मिळालं, म्हणून अक्षर मोठं आलं. उगाच चौकशा नकोत.

तुझी ओळ चांगली आहे. तिच्यात एकही चूक नाही.

त्या स्पर्धेबद्दल सहज विचारते. नमुना केवढा असावा लागतो? साधारण हातभर चालेल का? टपालाने पाठवलेला घेतात का, की स्वतः आणून द्यावा लागतो? शेवटची तारीख कोणती? बाहेरगावच्या माणसाला चालतं का? आमच्याकडे एक बाई मातीची बदकं करते, तिच्यासाठी विचारते आहे.

उत्तर पोस्टकार्डावर दिलंस तरी चालेल.

झेंटा

*

हाझेलरीड, २८ नोव्हेंबर १९९६

प्रिय ताई,

तुझ्या बदकवालीने काही पाठवलेलं दिसलं नाही. आलेल्या अकरा नमुन्यांत बदक एकही नव्हतं.

काल निवड झाली. आम्ही तिघं परीक्षक: डोब्लर, शाळेच्या मुख्याध्यापिका हॉल्ट्झरबाई आणि मी. बहुतेक नमुने असे, की पाहून गाडीवाल्याने वेग वाढवावा. पितळेचं रानडुक्कर, बीअरचं पिंप, एक दगडी गोळा. आणि चार नंबर.

चार नंबर म्हणजे सायकल ढकलत चढ चढणारी बाई, हँडलला दुधाच्या दोन बरण्या. नांगराचा फाळ, साखळी, खिळे असलं सगळं जोडून केलेली. वरून आख्ख्या बाईला हिरवा रंग फासलेला! बोटीला देतात तसला जाड, चकचकीत. मी म्हटलं, "हे कुणा शिकाऊ पोराचं काम आहे. जोड बघा, जणू शेंबूड वाळलाय. चाकं गोल नाहीत. आणि ज्याने लोखंडाला असा रंग फासला, त्याला लोखंडाला हात लावायची बंदी घातली पाहिजे." वीस मिनिटं बोललो. डोब्लर तर टिपून घेत होता.

माझं संपल्यावर हॉल्ट्झरबाई म्हणाल्या, "स्ट्रोमायर, तुमचं सगळं खरं असेल. पण मघापासून तुम्ही तिच्यासमोरून हललेला नाहीत."

ते मात्र खरं. तिच्या पाठीत काहीतरी आहे. ओझं आहे, पण ती त्याखाली वाकलेली नाही, सायकलला रेलून चढतेय. लोखंड असं वाकवणं शिकवून येत नाही. मत दिलं तेव्हा हॉल्ट्झरबाईंनी चार नंबरला दिलं, आणि डोब्लरनेही, बहुधा मी शिव्या घातल्या म्हणूनच. मी दगडी गोळ्याला दिलं. दोनास एक. पाकीट बारा डिसेंबरला भर सभेत उघडायचंय. त्याच सभेत, शेवटच्या विषयाला, तलाव.

तो पोरगा कोण आहे ते मला बघायचंय. त्याला सांगेन, रंग खरवड आणि माझ्याकडे काम शिकायला ये.

तुझा,
बिनी

*

कील, ३ डिसेंबर १९९६

बिनी, अरे गाढवा,

तो पोरगा तूच आहेस!

माझ्या लग्नात, सत्तावन्न साली, तू मला काय दिलं होतंस? पोत्यात गुंडाळून स्टेशनवर आणलंस. "ताई, ही आई आहे, वाटेत हरवू नकोस," म्हणालास. आईच्या दुधाच्या फेरीची ती सायकल तुला ओळखू आली नाही? एकवीस वर्षांचा होतास. चाकं तेव्हाही गोल नव्हती, मी बोलले नव्हते एवढंच. रंग कॅप्टनने दिला. समुद्राच्या हवेत गंजेल म्हणून दर तीन वर्षांनी एक हात, बोट रंगवून जो उरेल त्यातला. तो आज असता आणि तुझं पत्र ऐकलं असतं, तर तुला कालव्यात ढकललं असतं.

नमुना मीच पाठवला. पाकिटात माझं कागदोपत्री पूर्ण नाव आहे, क्रेसेन्सिया पेटर्सेन. मी नगरसेवक नाही, वस्तू माझी आहे, मला वाटलं यात काय चुकलं? जिंकेल हे स्वप्नातही नव्हतं. आता चार रात्री झोप नाही, तू अडचणीत येशील म्हणून.

बदकवाली कुणी नाही. जाड पेनही नाही.

माझे डोळे चाललेत, बिनी. मधोमध धुरकट डाग आलाय, कडेचं तेवढं दिसतं. माणूस समोर आला की त्याचे कान दिसतात, चेहरा नाही. कान बघून लोक ओळखायला शिकतेय. आमचे टपालवाले तर कानांनी फार देखणे आहेत. डॉक्टर म्हणाले, वाढत जाणार. म्हणून घर आवरते आहे. खिडकीतलं तुझं शिल्प पुसताना हात पाठीवरून फिरला आणि मी तिथेच थांबले. डोळ्यांनी इतकी वर्षं पाहिलं, पण आईची पाठ हाताला त्या दिवशी लागली. वाटलं, माझ्यामागे ही कुणा परक्याच्या तळघरात पडणार. त्यापेक्षा गावाच्या मधोमध उभी राहू दे. आणि गावालाही कळू दे, त्यांचा भंगारवाला कोण आहे ते.

आता काय करायचं ते तू ठरव. मला वाईट वाटेल म्हणून काही करू नकोस. मी मोठी आहे.

झेंटा

*

हाझेलरीड, १३ डिसेंबर १९९६

माझी ताई,

काल सभा झाली. क्रमाने सांगतो, नाहीतर मी भलतीकडेच जाईन.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी थेट टपालकचेरीपाशी जाऊन त्या मोकळ्या गोलाभोवती पायी फिरलो. किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. श्मिडने गाडी थांबवून विचारलं, "तुलाही बाहेर पडता येत नाही का रे?" नाहीच येत होतं. आई तिथे उभी दिसत होती. घरापेक्षा उंच, दुधाच्या बरण्यांसकट.

सभेत डोब्लरने पाकीट उचललं, तसा मी उभा राहिलो. "उघडायची गरज नाही. चार नंबर माझं काम आहे." सगळं सांगितलं, लग्न, पोतं, बोटीचा रंग. आधी कुणाला पटेना. मग डोब्लरने आपली वही काढली आणि मोठ्याने वाचायला लागला. "'जोड म्हणजे वाळलेला शेंबूड.' स्ट्रोमायर, हे तुम्ही स्वतःबद्दल बोललात?"

मी म्हटलं, "हो. आणि खरं तेच बोललो."

ताई, सभागृह पाच मिनिटं हसत होतं. प्रेक्षकांत लोरेन्झ होता, त्याला बाहेर नेऊन पाणी पाजावं लागलं. पण त्या हसण्यामुळेच कुणी मला लबाड म्हटलं नाही. इतका मूर्ख माणूस कट करूच शकत नाही, असं सगळ्यांचं एकमत झालं. ठरावच मांडायचा बाकी होता.

मग मधल्या सुट्टीत डोब्लरने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. अगदी गोड आवाजात म्हणाला, "बाई सुंदर आहे हो. मनापासून सांगतो. नियम असा, की नगरसेवकाला काम देता येत नाही. तुम्ही आज राजीनामा द्या, सबळ कारण मी लावून देतो, स्पर्धा पुन्हा घेऊ. निकाल काय लागेल ते मला आत्ताच माहीत आहे. खाली दगडात तुमचं नाव कोरू." माझ्या जागी आमच्या यादीतला पुढचा कोण येणार, ते त्याने विचारलं नाही. त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं: गॅरेजवाला हुंडहामर. त्याचं मत पार्किंगला.

मी म्हटलं, विचार करतो. खरं तर विचार नव्हता चालला, नुसतं दुखत होतं. कॉरिडॉरमध्ये उभ्याने दोन प्रेट्झेल पाव खाल्ले. चव कशाचीच कळली नाही. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर ताटात वाढलेलं, आणि शिवाय तुझी इच्छा. तुझे डोळे. तू लिहिलंस, माझ्यासाठी काही करू नकोस. असं लिहिणाऱ्या बाईला नाही म्हणणं फार कठीण असतं, हे तुला पक्कं ठाऊक आहे.

आत गेलो. डोब्लरला म्हटलं, राजीनामा देत नाही, आणि चार नंबर स्पर्धेतून मागे घेतला. तलावाचा विषय आला. हात वर करायचे होते. हॉल्ट्झरबाईंनी मोजले, मग डोब्लरने मोजले, मग त्याने परत मोजले. नऊ विरुद्ध आठ. तलाव राहिला.

बेटावर दगडी गोळा बसणार. गोलाच्या मधोमध गोळा. मीच मत दिलंय, आता तोंड उघडायची सोय नाही.

ताई, माफ कर. बाईला मी घरी आणलं. रंग खरवडायला पातं घेतलं, एवढासा तुकडा उडाला, त्याखाली आणखी हिरवा, त्याखाली आणखी हिरवा. कॅप्टन दर तीन वर्षांनी तिथे बसलेला दिसला. पातं ठेवून दिलं.

तू इकडे निघून ये. कार्यशाळेमागची खोली रिकामी करतो.

तुझा,
बिनी

*

कील, ९ जानेवारी १९९७

प्रिय बिनी,

हे पत्र मी सांगते आहे आणि शेजारच्या ब्रोडरसनबाई लिहून घेताहेत. त्यांना मी बजावलंय की शब्दाला शब्द लिहा, मधे स्वतःचं घालू नका. (मी घालत नाही. ब्रोडरसन.)

तुझं पत्र त्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मी खूप हसले. दुसऱ्यांदा रडले. (तिसऱ्यांदाही.) माफी कसली मागतोस? आईला विचारलं असतंस तर तिने सायकल भिंतीला टेकवली असती आणि म्हणाली असती, आधी पोरांना पाण्यात सोडा, माझं काय बघता. ती स्वतःच्या पुतळ्यासमोर दोन मिनिटंसुद्धा थांबली नसती, दूध नासेल म्हणून. डोब्लरच्या तोंडावर तू नाही म्हणालास, तेव्हा मी तिथे हवी होते एवढंच वाटतं. चेहरा दिसला नसता, पण त्याचे कान लाल झालेले मला नक्की दिसले असते.

आता येण्याचं. कार्यशाळेमागची खोली मला नको. दिवसभर घणाचे घाव, गॅसचा वास, आणि संध्याकाळी तू. भावावर माझी माया आहे, ती तशीच राहावी असं मला वाटतं. (अगदी बरोबर आहे त्यांचं.) मी परस्पर लोरेन्झला लिहिलं होतं. त्याच्या बेकरीवरची माडी रिकामी आहे, ती मी घेतली. तो लगेच हो म्हणाला. नगरसेवकाची बहीण भाडेकरू असलेली बरी, म्हणतो, पुढच्या वेळी तो परत उभा राहणार आहे.

माडीच का, ते सांगते. डॉक्टर म्हणतात, पुढच्या दोनेक वर्षांत कडेचंही कमी होईल. तेव्हा मला असं घर हवंय, जे न बघता सापडेल. गल्लीच्या तोंडाशी आले की भाजलेल्या पावाचा वास. वास दाट होत गेला की घर जवळ, विरळ झाला की मी पुढे गेले, मागे फिरायचं. मी काठी घेणार नाही. (घेणार आहेत. मी बॅगेत घातलीय.)

एक मार्चला, शनिवारी, दुपारच्या गाडीने येते. स्टेशनवर मधोमध उभा राहू नकोस, मधोमध मला काही दिसत नाही. जरा बाजूला उभा राहा.

झेंटा